चार नंबरच्या खणातलं इंजिन

१

सोमवारी सकाळी सव्वासातला मी शेडचं कुलूप काढलं आणि इंजिन फिरवायच्या टर्नटेबलच्या खड्ड्यात ओसी ट्रेलोर मरून पडलेला दिसला. उताणा पडला होता. कोटावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. टोपी मात्र डोक्यावर होती, नीट, कपाळापर्यंत ओढलेली.

मी किंचाळले नाही. गिलंबरा जंक्शनच्या याच गोल इंजिन-शेडमध्ये एकतीस वर्षं मी ड्रायव्हर-फायरमनच्या ड्यूट्या लावल्या. रूळ माणसाचं काय करतात ते पाहिलेलं आहे. पण ते सगळे ड्यूटीवर असताना गेलेले. ओसी एकोणऐंशी वर्षांचा होता, बॉयलरमेकर म्हणून निवृत्त झालेला, आणि ही शेड पाडू द्यायची नाही एवढ्या एका हट्टावर जगत होता. खड्ड्याच्या काठावर बसून मी त्याला नावानं दोनदा हाक मारली. मूर्खपणाच तो.

मग उठून आजूबाजूला पाहिलं. मधोमध टर्नटेबल, भोवती अठ्ठावीस खण, त्यातले सव्वीस रिकामे. चार नंबरच्या खणात आमचं एकुलतं एक चालू होण्याजोगं इंजिन, ३११, नेहमीसारखं माझ्याकडे पाठ करून उभं होतं. त्याच्या माथ्यावर काटक्या पडल्या होत्या आणि कबुतराची दोन फुटकी अंडी ओघळली होती. खड्ड्याभोवतीची साखळी एका बाजूनं आकड्यातून निघून जमिनीवर लोळत होती. तेवढं पाहून मी तिकिटाच्या खिडकीत गेले आणि पोलिसांना फोन लावला.

साखळी कोणी काढली ते मला माहीत होतं. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला माहीत झालं.

२

साखळी काढणाऱ्याचं नाव जेरोम वाइक्स. शेड पाडून तिथे धान्याची गोदामं बांधायचं ज्या कंपनीच्या मनात होतं, तिचा हा मोजणीदार. तीन आठवडे तो गावच्या पबमध्ये मुक्कामाला होता आणि कोणी त्याच्या टेबलाशी बसत नव्हतं. शनिवारी आमच्याकडे लोकांसाठी शेड खुली होती, तेव्हा ओसीनं सगळ्यांच्या देखत त्याची वही हिसकावून टर्नटेबलच्या खड्ड्यात फेकली. वाइक्स म्हणाला, "म्हाताऱ्या, एक दिवस तूच पडशील त्यात." शंभर माणसांनी ऐकलं.

आणि रविवारी दुपारी साडेतीन ते चार तो शेडमध्ये खड्डा मोजत होता. शेड चालवणाऱ्या आमच्या मंडळानंच त्याला तसा वेळ दिला होता, नाइलाजानं.

प्रकरण कुठे अडलं होतं ते सांगते. गुरुवारी राज्याची वारसा समिती येणार होती. त्यांनी शिक्का मारला की शेड वाचली, नाही मारला की वसंतात बुलडोझर. समितीची अट एकच होती: शेड चालवणाऱ्या मंडळाकडे रेल्वे सुरक्षेचा परवाना हवा आणि त्यावर डाग नको. म्हणजे ओसीला वाइक्सनं ढकललं असेल तर कंपनी गावातून पळाली असती आणि शेड आमची. आमच्यापैकी कोणाचा हात असेल तर परवाना गेला, आणि त्यामागोमाग सगळंच.

शहरातून सार्जंट फिफिता आली. टोंगन वंशाची, तिशीची, उंचीपुरी. वाफेचं इंजिन तिनं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं आणि ते कबूल करायला लाजत नव्हती. तिनं तीन वाजता वाइक्सला उचललं. लोक पबच्या दारात उभं राहून बघत होते. चेहऱ्यावरून सगळ्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू?

सार्जंट माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही सगळ्यांना ओळखता म्हणे."

"त्यांच्या झोपायच्या वेळांसकट."

"मग मला एक सांगा. दीड मीटर खोल खड्ड्यात पाठीवर पडलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपी राहते का?"

ते मला सकाळीच खुपलं होतं आणि मी मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं.

"राहत नाही," ती म्हणाली. "कोणीतरी नंतर घातली. दुसऱ्याला खड्ड्यात ढकलणारा माणूस त्याच्या टोपीची काळजी घेतो?"

३

शेडच्या चाव्या चौघांकडे होत्या. एक ओसी. एक मी, पण मी शनिवार संध्याकाळपासून बहिणीकडे नव्वद किलोमीटरवर होते. उरले नोएल बिडल आणि क्लॅरी हॉडर. ओसीचा मुलगा रॉस बापाच्या खिळ्यावरची चावी केव्हाही उचलू शकत होता, म्हणून त्यालाही धरलं.

सार्जंटनं मला सोबत नेलं. म्हणाली, यांची भाषा मला कळत नाही, तुम्ही नुसत्या बसा.

रॉस स्वयंपाकघरात बसला होता, समोर थंड झालेला खिम्याचा मीट पाय. पंचेचाळिशीचा, गव्हाच्या गाड्यांवर डिझेल ड्रायव्हर. बापाशी त्याचं सहा वर्षं धड बोलणं नव्हतं.

"मी रविवारी गव्हाची गाडी घेऊन बंदरावर होतो. विचारा कंट्रोलला," तो म्हणाला.

"विचारलं," मी म्हणाले. "होतास."

"मग इथे कशाला आलीस, इनिड काकू? भांडण का झालं ते ऐकायला? ऐका. आई गेली तेव्हा म्हातारा त्या शेडमध्ये बॉयलरच्या नळ्या घासत होता. मी बोलवायला गेलो, तर म्हणतो, दोन नळ्या राहिल्यात." त्यानं बशी दूर सारली. "किती वेळ पडून होता तो तिथे?"

"डॉक्टर उद्या सांगतील," सार्जंट म्हणाली.

"मला सांगा. कोणीतरी सांगा म्हणजे झालं."

नोएल बिडल आमचा फिटर. तो या शेडमध्ये आला तेव्हा वाफेची इंजिनं जाऊन दहा वर्षं झाली होती. माणूस बडबड्या, हात सदा काळे. रविवारी तो मुलीच्या नेटबॉलच्या सामन्याला शेजारच्या गावी होता आणि तिथे पंचाशी भांडल्यामुळे चाळीस साक्षीदार होते.

"माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या, पण आधी माझी हवा कोणी चोरली ते शोधा," तो म्हणाला.

"हवा?" सार्जंटनं पेन थांबवलं.

"कॉम्प्रेसरची टाकी हो. शनिवारी संध्याकाळी मी काठोकाठ भरून ठेवली होती. आज सकाळी बघतो तर काटा शून्यावर. कुठेतरी गळतीय. गुरुवारच्या आत शोधायला हवी. म्हणजे... आता गुरुवारचं काय म्हणा."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. सार्जंटनं ते लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

क्लॅरी हॉडर शेवटचा. या शेडचा शेवटचा वाफेचा ड्रायव्हर, आता अडुसष्ट वर्षांचा. त्याची पहिली ड्यूटी मी लावली होती आणि शेवटचीही. दोन्हींच्या मधल्या काळात एकदा त्यानं मला लग्नाचं विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, ते इथे सांगायचं कारण नाही. ओसी त्याचा जिवलग. चाळीस वर्षं दर शुक्रवारी दोघं एकत्र पत्ते खेळायचे आणि एकमेकांना फसवायचे.

क्लॅरी ओट्याशी उभा राहून बटाटे सोलत होता. एकट्यासाठी सात-आठ बटाटे सोलून झाले होते.

"रविवारी कुठे होतास?" मी विचारलं.

"इथेच. रेडिओवर फुटबॉल ऐकत."

"कोण जिंकलं?"

"तू माझी परीक्षा घेतेस की काय, इनिड? आपलेच जिंकले. शेवटच्या मिनिटाला." मग सार्जंटकडे वळून म्हणाला, "त्या वाइक्सनं साखळी काढून ठेवली. ओसीची नजर अधू झाली होती. ढकललं असो वा नसो, मारलं त्यानंच."

"शनिवारी तुम्ही शेडमध्ये नव्हतात?" सार्जंटनं विचारलं.

"नाही गेलो. मला ते तमाशे बघवत नाहीत."

त्यानं आणखी एक बटाटा उचलला.

४

मंगळवारी सकाळी डॉक्टरचा कागद आला. सार्जंटनं तो मला शेडमध्येच वाचून दाखवला, चार नंबरच्या खणापाशी.

"पडून मेलेला नाही. हातांना, कोपरांना, डोक्याला काही नाही. छाती समोरून आणि मागून एकदम दाबली गेलीय. दोन जड वस्तूंच्या मध्ये सापडल्यासारखी. पाठीवर कोटाला विटांची लाल भुकटी." तिनं कागद खाली केला. "आणि तो लगेच मेला नाही, बाई. तासभर तरी जिवंत होता. डॉक्टर म्हणतात, वेळेत नेला असता तर कदाचित वाचला असता."

रॉसचा प्रश्न मला आठवला.

सार्जंट खणाच्या मागच्या भिंतीकडे गेली. ती भिंत लाल विटांची आहे. मग ती खाली वाकली. "इकडे या. रुळावर हे काय?"

३११चं भिंतीकडचं चाक आणि भिंत यांच्यामध्ये, गंजलेल्या रुळावर दोन-दोन बोटांच्या अंतरानं चकचकीत ओरखडे होते. ताजे. मला ते पाहताच कळलं. लांब लोखंडी पहार चाकाखाली घालून दाबली की एकटा माणूस इंजिन सरकवू शकतो, एका वेळी दोन बोटं. पूर्वी रोजचं काम होतं ते.

"म्हणजे हे धूड हललंय," ती म्हणाली. "आणि ओसी या धुडात आणि या भिंतीत सापडला. पण बाई, हे हललं कसं? पहारीनं सरकवलेलं इंजिन माणसाला चिरडण्याइतकं वेगात येत नाही. आग तर पेटवलेली नाही. मी हात लावून पाहिला सोमवारी. बर्फ."

इथे मी गप्प बसू शकले असते. तिला कधी कळलं नसतं. वाइक्स कोठडीत राहिला असता आणि गुरुवार पार पडला असता.

"हवेवर," मी म्हणाले.

"काय?"

"बॉयलरमध्ये दाबाची हवा भरली की इंजिन वाफेशिवाय चालतं. थोडं अंतर. धूर नाही, आवाज फारसा नाही. गुरुवारी समितीसमोर ३११ हलवून दाखवायचं ओसीच्या मनात होतं. त्याला परवानगी लागते, ती नव्हती. मार्चपासून कॉम्प्रेसरचा आवाज माझ्या घरात येतो. मी कोणाला बोलले नाही."

ती रागावली नाही, ते जास्त लागलं. "म्हणजे तुमच्यापैकी एक जण," ती म्हणाली. "कोण?"

मला खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यात दारातून गावचं साप्ताहिक आत भिरकावलं गेलं. ते दर मंगळवारी येतं.

५

पहिल्या पानावर ओसीचा फोटो होता, शनिवारी काढलेला. चार नंबरच्या खणाच्या तोंडाशी उभा, छाती काढून, आणि मागे ३११. शनिवारी आमचा शेजारी ट्रॅक्टरवाला मदतीला घेऊन ओसीनं इंजिन मुद्दाम फिरवून ठेवलं होतं, लोकांना त्याचं तोंड दिसावं म्हणून. फोटोत त्याचा गोल चेहरा, धुराडं, समोरचे धक्का झेलणारे दोन्ही बफर, सगळं टर्नटेबलकडे.

मी मान वर केली. ३११ माझ्याकडे पाठ करून उभं होतं.

सोमवारपासून मी त्याच्याकडे दहादा पाहिलं होतं. नोएलनं पाहिलं होतं, रॉसनं पाहिलं होतं. कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आमच्या लेखी इंजिन असंच उभं असतं. पन्नास वर्षं असंच पाहिलेलं. शनिवारचा एक दिवस आमच्या डोळ्यांनी मोजलाच नव्हता.

"सार्जंट," मी म्हणाले, "वर बघा."

खणाच्या छताला, मागच्या भिंतीलगत, धुरासाठी पत्र्याचा टोप लोंबतो. प्रत्येक खणाला एक. इंजिन आत घेताना धुराडं पुढे ठेवून घ्यायचं आणि बरोबर त्या टोपाखाली थांबवायचं, मग साखळी ओढून टोप धुराड्यावर उतरवायचा, म्हणजे धूर छतातून बाहेर जातो. इथला कायदाच होता तो. ज्यानं शेडमध्ये धूर सोडला त्याला आठवडाभर राख उपसायला लावायचे, आणि ती ड्यूटी मी लावायचे.

टोप धुराड्यावर उतरलेला होता. वीस-बावीस वर्षं कोणी ती साखळी ओढली नव्हती. आत कबुतरांनी घरटं केलं होतं, ते इंजिनाच्या माथ्यावर सांडलं होतं.

"समजावून सांगा," सार्जंट म्हणाली. "सावकाश."

मी सांगितलं. "रविवारी दोघांनी ३११ हवेवर बाहेर काढलं, टर्नटेबलवर हातानं ढकलून फिरवलं आणि धुराडं पुढे करून परत आत घेतलं. आग नसलेल्या इंजिनाला टोपाखाली उभं करायची काही गरज नाही. तरी केलं. टोपाखाली नेमकं थांबवायला ड्रायव्हरला आतून दिसत नाही, म्हणून एक जण मागच्या भिंतीशी उभा राहून वर बघतो आणि हात वर करून थांबवतो. तो ओसी. दुसरा आत रेग्युलेटरवर, म्हणजे इंजिन चालवायच्या दांड्यावर होता. हवा संपत आली की ब्रेकही ढिला पडतो. इंजिन थांबलं नाही."

"मग पहारीनं मागे सरकवलं."

"हो. आणि त्यानंतर टोप उतरवला. ओसीनं उतरवलेला नाही, तो भिंतीशी अडकला होता. मग कोणी? वाइक्सला ही वरची साखळी कशाची तेसुद्धा ठाऊक नाही. नोएल वाफेच्या काळात इथे नव्हता. रॉस डिझेलवर वाढला, त्याला टोपाशी देणंघेणं नाही, आणि तो बंदरावर होता. मित्र चिरडल्यावरसुद्धा हात आपोआप त्या साखळीकडे जाईल असा गावात एकच माणूस उरलाय."

सार्जंटनं वही मिटली. "तुम्ही घरी जा, बाई. मी जाते त्याच्याकडे."

"नाही," मी म्हणाले. "आधी मी."

६

क्लॅरी मागच्या अंगणात लाकडं रचत होता. मी वर्तमानपत्र त्याच्या समोर ओंडक्यावर ठेवलं. सार्जंट फाटकाशी थांबली होती, त्याला दिसेल अशी.

त्यानं फोटो पाहिला.

"परत तोंड बाहेर करून ठेवायला हवं होतं तुला," मी म्हणाले. "आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही, पण फोटोत आलं."

"मनात आलं होतं," तो म्हणाला. "उलटं कसं ठेवणार, इनिड? हात धजेना."

त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. तो ओंडक्यावर बसला.

"मीच म्हटलं त्याला. समितीपुढे असं तोंड बाहेर काढून ठेवतोस? जत्रेतलं इंजिन आहे का? ज्यांना कळतं ते हसतील. तो म्हणाला, मग कर सरळ. वाइक्स गेला नि आम्ही सुरू केलं. झक्क चाललं, इनिड. तू असायला हवी होतीस. ओसी नाचत होता टर्नटेबलवर, लेकाचा." त्यानं नाक पुसलं. "मग आत घेताना त्यानं हात वर केला. मी ब्रेक मारला आणि काही लागलंच नाही. हँडब्रेकचं चाक फिरवेपर्यंत धक्का बसला. छोटासा. तुला सांगतो, एवढासा धक्का."

"पुढे."

"पहार घेतली. सोडवला त्याला. संपला होता."

"किती वेळ लागला सोडवायला?"

"वीस मिनिटं. पंचवीस."

"फोन तिकिटाच्या खिडकीत आहे. दोन मिनिटांवर."

त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली.

"क्लॅरी, डॉक्टर म्हणतात तो तासभर जिवंत होता."

मला वाटलं तो दचकेल. तो दचकला नाही. जमिनीकडे बघत राहिला, आणि तेव्हा मला कळलं की हे त्याला माहीत आहे. मी त्याच्यासमोर बसले.

"बघत होता माझ्याकडे," क्लॅरी म्हणाला. "हातगाडीवर घालून खड्ड्याकडे नेला तेव्हाही. बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, ओसी, अ‍ॅम्ब्युलन्स आली तर पोलीस येणार, परवाना जाणार, आणि गुरुवार जाणार. मी त्याला विचारलं, इनिड. विचारलं मी. त्यानं डोळे मिटले."

"आणि तू ते होकार म्हणून घेतलंस?"

"त्याला शेड हवी होती. जिवापेक्षा हवी होती. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे की माणसाला दुखलं की तो डोळे मिटतो."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे.

"टोपी तू घातलीस?"

"थंडी पडली होती," तो म्हणाला.

मग हात काढून माझ्याकडे पाहिलं, जुन्या दिवसांसारखं, ड्यूटी बदलून मागायला यायचा तसं. "शुक्रवारपर्यंत थांब. नुसता शुक्रवारपर्यंत. मी स्वतः जाऊन सांगतो. तो वाइक्स परका माणूस आहे, चार दिवस कोठडीत राहिला तर मरत नाही. शेड वाचू दे. ओसी फुकट जाईल नाहीतर."

मी विचार केला. केला नाही असं म्हणणार नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या त्या पोरीला मी सांगू शकले असते की तो काही बोलत नाही. टोपाची गोष्ट माझ्याशिवाय कोर्टात कोण समजावून सांगणार होतं?

"रॉस विचारत होता, बाप किती वेळ पडून होता," मी म्हणाले. "त्याला शुक्रवारी काय सांगू? की अजून थोडं थांब?"

मी उठले आणि सार्जंटला हात केला.

७

बुधवारी वाइक्सला सोडलं. तो सरळ बसथांब्यावर गेला आणि कोणाकडे बघितलं नाही. रॉसला मी स्वतः जाऊन सांगितलं. तासभर, म्हटलं. त्यानं मान हलवली, दार लावून घेतलं, आणि आतून काही फुटल्याचा आवाज आला.

गुरुवारी समिती आली. तीन माणसं, गरम कोट, स्वच्छ बूट. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होतीच. आमच्या मंडळाचे उरलेले अकरा जण भिंतीला टेकून उभे होते. टेबलावर मी केलेले भोपळ्याचे स्कोन, छोटे गोडसर पाव होते, त्यांना कोणी हात लावला नाही.

अध्यक्षबाई सभ्य होत्या. त्यांनी आधी शेड पूर्ण फिरून पाहिली. छताच्या लाकडी कैच्यांकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटतं त्यांना ती आवडली. मग त्या टेबलाशी आल्या.

"मंडळाला माहीत होतं का, की इंजिन विनापरवाना चालवलं जातंय?" त्यांनी विचारलं. "की हे त्या दोघांचं खासगी धाडस होतं?"

प्रश्न दयाळू होता. त्यात एक दार उघडं ठेवलेलं होतं. नोएलनं माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. दोघांपैकी एक मेलेला, दुसरा कोठडीत. त्यांच्या नावावर सगळं घातलं की परवाना कदाचित वाचणार होता. मंडळाची चिटणीस मी, उत्तर मला द्यायचं होतं. आणि मार्चमध्येच मी एकदा "बंद करा रे हे" म्हटलं असतं तर ओसी आज इथे उभा राहून त्यांना बॉयलर दाखवत असता. हे मला माहीत होतं आणि माझ्याशिवाय कोणालाही माहीत असायची गरज नव्हती.

"माहीत होतं," मी म्हणाले. "मला. मार्चपासून."

नोएल शिव्या देत बाहेर गेला. अध्यक्षबाईंनी पेन काढलं, लिहून घेतलं आणि माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. मग परवाना रद्द म्हणून सांगून त्यांनी शेडच्या चावीसाठी हात पुढे केला आणि मी माझी चावी टेबलावर ठेवली.